दम लागतो, तेव्हा फुप्फुसात काय घडते?

जैन तत्त्वज्ञानाने जीवाचे दहा प्राण सांगितले आहेत. पाच इंद्रियांचे पाच. मन, वचन आणि काया यांची तीन बळे. श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. जीवाची इंद्रिये जसजशी वाढतात तसतशी प्राणांची संख्या वाढते. एकेंद्रिय जीवाला चारच प्राण असतात, परंतु त्या चारांतही श्वासोच्छ्वास आहेच. कायोत्सर्गात आपण देहाची ममता सोडतो, हालचाल सोडतो. तरीही त्या प्रतिज्ञेत श्वास, निःश्वास, खोकला आणि शिंक यांना सूट ठेवलेली आहे. देह स्थिर करता येतो, श्वास थांबवता येत नाही, हे आपल्या पूर्वाचार्यांनी किती बारकाईने ओळखले होते!

श्वासाचा एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेतील आपण, घरातल्या बा किंवा दादीला देरासराच्या चार पायऱ्या चढताना दम लागला की मात्र सहज म्हणून जातो, ‘आता वय झाले.’ वयाने दम थोडा कमी होतो हे खरे. परंतु दर वर्षी वाढत जाणारा, बसायला लावणारा दम हा वयाचा भाग नव्हे. पुष्कळदा तो प्राणवायूच्या दीर्घकालीन उणिवेचा परिणाम असतो, आणि ही उणीव फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांची घडणच बदलून टाकत असते. हा बदल कसा होतो, आणि तो कोणत्या टप्प्यावर रोखता येतो, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

समुद्रकाठी प्राणवायूची उणीव कशी?

रत्नागिरी समुद्रकाठी वसलेली. हवेचा दाब पुरेपूर, आणि त्या हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के. मग येथे प्राणवायू कमी कसा पडेल, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर असे, की उणीव हवेत नसते. ती हवेपासून रक्तापर्यंतच्या वाटेवर निर्माण होते.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. प्रत्येक वायुकोशाभोवती केसाहून सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. वायुकोशातील प्राणवायू अतिशय पातळ पडद्यातून या रक्तात उतरतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका अरुंद झाल्या, क्षयरोग बरा होताना फुप्फुसात व्रण राहिले, वायुकोशांचा पडदा जाड झाला, पाठीच्या कण्याच्या बाकामुळे छाती पुरेशी फुलेनाशी झाली, किंवा झोपेत श्वास पुनःपुन्हा अडू लागला, तर बाहेर हवा मुबलक असूनही रक्त उपाशी राहते. गोदाम भरलेले आणि दुकान रिकामे, अशी ही स्थिती.

शरीराचा एक शहाणपणाचा नियम

शरीराच्या इतर भागांत प्राणवायू कमी पडला की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. हेतू उघड आहे: जेथे टंचाई तेथे अधिक रक्त पाठवावे. फुप्फुसात मात्र याच्या नेमके उलट घडते. ज्या वायुकोशात प्राणवायू कमी, त्याच्याकडे जाणारी बारीक धमनी आकुंचन पावते.

हे विचित्र वाटेल, पण व्यापाऱ्याला यातील शहाणपण लगेच उमगावे. ज्या पेढीत माल शिल्लक नाही तेथे गाड्या पाठवून उपयोग काय? त्या रिकाम्याच परततील. म्हणून गाड्या माल असलेल्या पेढीकडे वळवल्या जातात. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात न्यूमोनिया झाला, तेथे हवा पोहोचत नसेल, तर त्या कोपऱ्याच्या धमन्या आखडतात आणि रक्त निरोगी भागाकडे वळते. त्यामुळे हृदयाकडे परतणाऱ्या रक्तात प्राणवायूची घट फारशी पडत नाही.

१९४६ साली स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर आणि योरान लिलियेस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी मांजरावरील प्रयोगात या नियमाची नोंद केली. प्राणवायू कमी असलेली हवा दिली की फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतला दाब वाढतो, हे त्यांनी दाखवले. पुढील संशोधनातून असे कळले, की धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी प्राणवायूची उणीव स्वतःच ओळखतात. उणीव होताच पेशीच्या आवरणातील पोटॅशियमची दारे मिटतात, कॅल्शियम आत शिरते आणि स्नायू आखडतो. यास तास-दिवस लागत नाहीत. काही सेकंदांत आणि मिनिटांत हे घडते.

या नियमाचा सर्वांत सुंदर उपयोग जन्मापूर्वी होतो. गर्भातील बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते. प्राणवायू आईच्या वारेतून येतो. म्हणून गर्भाच्या फुप्फुसांतील धमन्या आखडलेल्या असतात आणि बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. बाळ जन्मते, पहिला टाहो फोडते, वायुकोश हवेने भरतात, आणि त्याच क्षणी धमन्या उलगडू लागून रक्ताचा ओघ फुप्फुसांकडे वळतो. आपल्या प्रत्येकाचा पहिला श्वास या नियमाच्या आधारानेच सार्थ झाला.

तोच नियम अंगलट केव्हा येतो?

एखाद्या कोपऱ्यात आणि थोडा काळ उणीव असेल तोपर्यंत हा नियम तारक असतो. परंतु उणीव दोन्ही फुप्फुसांत सर्वदूर असेल, आणि ती महिनोन्‌महिने टिकली, तर रक्त वळवायचे कोठे? सगळ्याच धमन्या आखडतात. हृदयाच्या उजव्या बाजूकडून येणारे सगळे रक्त तर याच वाटांनी जावे लागते. मग वाटा अरुंद, रक्त तेवढेच, आणि म्हणून दाब वाढलेला.

आरंभी हे केवळ आखडणे असते. प्राणवायू मिळाला की धमनी पुन्हा सैल होते. परंतु जो स्नायू सतत आवळलेला राहतो तो कालांतराने जाड होतो. प्राणवायू कमी असताना पेशींमध्ये एक विशिष्ट प्रथिन टिकून राहते व अनेक जनुकांना चालना देते. पेशी ही उणीव कशी ओळखतात याच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या चालनेमुळे धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशींची संख्या वाढते. ज्या अतिसूक्ष्म वाहिन्यांना मुळात स्नायूचा थर नसतो त्यांच्यावरही तो चढू लागतो. बाहेरच्या थरात तंतू साठतात. आतले अस्तर वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड पुरेसा बनवीत नाही. जी वाट तात्पुरती मिटली होती, तिच्या दारात आता भिंतच बांधली जाते.

त्यातच आणखी एक भर पडते. उणीव जाणवताच मूत्रपिंडे रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक सोडतात. तांबड्या पेशी वाढतात हे काही अंशी उपकारक. पण प्रमाणाबाहेर वाढल्या की रक्त दाट होते, आणि दाट रक्त अरुंद नळीतून ढकलणे अधिकच कठीण होते.

हा सारा भार पडतो हृदयाच्या उजव्या कप्प्यावर. डावा कप्पा सर्व देहाला रक्त पुरवतो, म्हणून त्याची भिंत जाड आणि तो १२० मिलिमीटर पाऱ्याइतक्या दाबाला सरावलेला. उजव्या कप्प्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पोहोचवायचे असते. त्याची भिंत पातळ. फुप्फुस धमनीतील सरासरी दाब निरोगी माणसात १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो २० च्या वर गेला की त्यास फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणतात. दाब वाढत राहिला की उजवा कप्पा आधी जाड होतो, नंतर पसरतो आणि शेवटी थकतो. मग रक्त मागे तुंबते: पायांना सूज येते, मानेच्या शिरा फुगतात, यकृत वाढून उजव्या कुशीत जडपणा वाटतो.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दंडाला पट्टा बांधून मोजला जाणारा रक्तदाब हा डाव्या बाजूचा असतो. तो अगदी उत्तम असतानाही फुप्फुसातील दाब वाढलेला असू शकतो. ‘बीपी तर नॉर्मल आहे’ या वाक्याने येथे निश्चिंत होऊ नये.

उंच प्रदेशाने दिलेली साक्ष

फुप्फुसाचा आजार नसताना केवळ प्राणवायूच्या उणिवेने एवढे सारे होऊ शकते काय? या प्रश्नाचे उत्तर उंच पर्वतांनी दिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडोच्या पशुवैद्यांना असे दिसले, की सपाटीवरून उंच पहाडी कुरणांत नेलेल्या काही गाईंच्या गळ्याखालच्या पोळीला आणि छातीला सूज येते व त्या दगावतात. कारण हेच होते: विरळ हवा, आखडून जाड झालेल्या धमन्या, थकलेले उजवे हृदय. उलट, पिढ्यान्‌पिढ्या हिमालयात राहणाऱ्या याकच्या फुप्फुस धमन्या पातळ भिंतीच्या असतात आणि त्याला हा त्रास होत नाही.

माणसातील साक्ष आपल्याच देशाच्या जवानांकडून मिळाली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंद्र आनंद आणि सहकाऱ्यांनी २१ भारतीय जवानांची नोंद प्रसिद्ध केली. हे जवान सुमारे ५,८०० ते ६,७०० मीटर उंचीवर काही आठवडे ते महिने तैनात होते. तरुण, धडधाकट माणसे. पण अंगावर सूज, दम, उजव्या हृदयाचा थकवा. त्यांना खाली आणल्यावर त्यांची प्रकृती सुधारली आणि हृदय पूर्ववत होऊ लागले. यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, उणीव एकटीच हे सारे घडवू शकते. दोन, वेळीच प्राणवायू मिळाला तर पुष्कळसे परतही फिरते. घरातील रुग्णासाठी दुसरी गोष्ट फार मोलाची आहे.

आपल्या घरातला पर्वत: धूर

सियाचीन दूर आहे. चूल मात्र जवळ आहे. ज्यांनी आयुष्याची तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे काढली, त्यांच्या फुप्फुसांना रत्नागिरीत बसूनच उंच पर्वतावर राहिल्यासारखी स्थिती येऊ शकते.

ही गोष्ट भारतात ठामपणे मांडणाऱ्यांत डॉ. एस. पद्मावती यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९१७ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि भारताच्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्मावतींनी दिल्लीत फुप्फुसांमुळे हृदय निकामी झालेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास केला व १९५९ साली तो ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या उतारवयातील पुरुषांचा मानला जाई. दिल्लीत मात्र स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या, आणि त्या विडी-सिगारेट क्वचितच ओढणाऱ्या. बंद स्वयंपाकघरातील गोवऱ्या-लाकडांचा धूर याकडे पद्मावतींनी बोट दाखवले. २०२० मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी त्या निवर्तल्या. ज्या धुराविरुद्ध त्यांनी इशारा दिला तो अजून विझलेला नाही. पुण्यातील डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात हाच धागा पुढे नेला: जगात धूम्रपान न करणाऱ्यांनाही श्वासनलिका अरुंद करणारा दीर्घ आजार, म्हणजे सीओपीडी, मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्यामागे चुलीचा धूर हे प्रमुख कारण आहे. २०१६ मध्ये भारतात या आजाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे.

कोकणात धुराला पावसाची जोड मिळते. जून ते सप्टेंबर लाकूड ओलसर, सोडणे-झावळ्या दमट, दारे-खिडक्या झडीमुळे बंद. ओले लाकूड जळण्यापेक्षा धुमसते जास्त. आपल्या बहुतेक घरांत आता गॅस आहे हे मान्य. पण न्हाणीघराबाहेरचा बंब किंवा चूल अजून अनेक ठिकाणी पेटते. मागच्या पिढीतील स्त्रियांनी पुढे दुकान आणि मागे घर अशा वास्तूंत आयुष्यभर जो धूर घेतला, त्याचा हिशेब त्यांची फुप्फुसे आज चुकती करीत आहेत. शिवाय आपल्या घरी, दुकानी, काजूच्या कारखान्यांत काम करणाऱ्या भगिनी आपापल्या घरी आजही चुलीपुढेच बसतात. अग्निकाय आणि वायुकाय जीवांची यतना सांगणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी या धुराकडे केवळ आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहू नये. कामावरील भगिनीच्या घरी गॅसची टाकी नियमित भरली जाते की नाही, एवढी विचारपूस आणि त्यासाठी हातभार, हे अनुकंपादानाचे अगदी साधे रूप आहे.

धुराखेरीज आपल्या समाजाला लागू पडणारे दुसरे कारण म्हणजे झोपेतील श्वासाचा अडथळा. दिवसभर गादीवर बैठे काम, गोडधोड आणि तळलेले अन्न, वाढते पोट. रात्री मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून जाग येणे, आणि दुपारी हिशेबाच्या वहीवर डुलक्या. घरात हा विनोदाचा विषय होतो. परंतु रात्रीतून कित्येकदा प्राणवायू खाली घसरत असेल, तर फुप्फुसातील धमन्या प्रत्येक वेळी आखडत असतात. यावर निदान आहे, उपचार आहे, आणि वजन उतरवणे हा त्यातील मोठा भाग आहे.

ओळखावे कसे?

पुढील लक्षणे दिसली तर वैद्यकीय सल्ला लांबवू नये:

• पूर्वी सहज चढलेला जिना किंवा चढ आता मध्ये थांबून चढावा लागणे
• महिनोन्‌महिने टिकणारा खोकला, कफ
• संध्याकाळी घोट्यांवर सूज, बोटाने दाबल्यास खळगा पडणे
• ओठ किंवा नखे निळसर दिसणे
• श्रम करताना घेरी येणे, छातीत दडपण वाटणे
• सकाळी डोके जड असणे, दिवसा अतिशय झोप येणे

करोनाकाळात बहुतेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. जपानचे ताकुओ आओयागी यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनातून जन्मलेले हे उपकरण कपाटात पडून न राहता वापरात यावे. बोट गरम असावे, नखाला रंग किंवा मेंदी नसावी, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खऱ्याहून अधिक आकडा दाखवते, हेही ठाऊक असावे. निरोगी माणसात आकडा साधारण ९५ च्या वर असतो. बसल्या जागी ठीक, पण पाच-सहा मिनिटे चालल्यावर घसरणारा आकडा विशेष सांगून जातो. म्हणून चालल्यानंतरही मोजावे.

पुढची पायरी डॉक्टरांची. फुंकून केलेल्या तपासणीने, म्हणजे स्पायरोमेट्रीने, श्वासनलिकांचा अडथळा कळतो. हृदयाच्या सोनोग्राफीने, म्हणजे टू-डी इकोने, उजव्या कप्प्यावरील भार आणि फुप्फुसातील दाबाचा अंदाज येतो. नेमका दाब मोजण्यासाठी उजव्या हृदयात नळी घालून तपासणी करतात. ती प्रत्येकाला लागत नाही. पहिल्या दोन तपासण्या मात्र दमाच्या रुग्णाने टाळू नयेत.

औषध तासांनी मोजावे

उपचारात पहिले स्थान मूळ कारणाला. धूर आणि धूम्रपान बंद, श्वासाची औषधे नियमित, फुप्फुसांचे व्यायाम, आवश्यक त्या लसी, झोपेच्या आजारावर रात्री वापरायचे यंत्र. मात्र ज्यांचा प्राणवायू विश्रांतीच्या अवस्थेतही फार खाली गेला आहे, त्यांच्यासाठी प्राणवायू हेच औषध ठरते. आणि या औषधाबाबत आपल्या घरांतून सर्वांत मोठी चूक होते ती मात्रेची.

१९८१ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८७ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला रोज किमान १५ तास प्राणवायू दिला, दुसऱ्याला दिला नाही. पाच वर्षांत प्राणवायू घेणाऱ्या ४२ पैकी १९ जण दगावले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. त्याआधी १९८० मध्ये अमेरिकेतील २०३ रुग्णांच्या अभ्यासात केवळ रात्री १२ तास प्राणवायू घेणाऱ्यांमधील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ दिवसरात्र घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. ब्रिटिश अभ्यासात ज्यांच्या फुप्फुसातील दाबाची पुन्हा मोजणी झाली, त्यांत प्राणवायू न घेणाऱ्यांचा दाब वाढत गेला आणि घेणाऱ्यांचा स्थिरावला.

अर्थ स्पष्ट आहे. हे औषध तासांनी मोजायचे असते. दम लागला की अर्धा तास नळी लावायची आणि बरे वाटले की काढायची, याने तात्पुरता आराम पडेल; धमन्यांच्या भिंती जाड होणे थांबणार नाही. झोपेचे आठ तास, दुपारची विश्रांती, स्वाध्याय, सामायिकाची ४८ मिनिटे, माळ, दूरदर्शन, गप्पा, अशी बेरीज केली तर १५ तास भरणे कठीण नाही. पुष्कळ घरांत यंत्र आले म्हणजे शेवट जवळ आला असे समजून ज्येष्ठ ते नाकारतात, आणि घरचेही पाहुण्यांसमोर नळी काढून ठेवतात. वास्तविक चष्मा डोळ्यांना जसा, तशी ही नळी धमन्यांना. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७३८ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की ज्यांचा प्राणवायू थोडाच कमी आहे त्यांना घरी दीर्घकाळ प्राणवायू देऊन आयुष्य वाढत नाही. म्हणून आकडा ९२ दिसला की यंत्र विकत आणायचे, असे करू नये. साधारणतः विश्रांतीत ८८ किंवा त्याखाली आकडा टिकून राहणे ही यंत्राची पायरी समजली जाते. निर्णय मात्र तज्ज्ञाचा.

घरी यंत्र असेल तर काही नियम कटाक्षाने पाळावेत. प्रवाहाचा आकडा स्वतः वाढवू नये. सीओपीडीच्या काही रुग्णांत अधिक प्राणवायूने कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य डॉक्टर सांगतात. यंत्राजवळ ज्योत नको: दिवा, धूप, अगरबत्ती, आरती, गॅसची शेगडी, सारे दूर. प्राणवायूच्या सान्निध्यात ठिणगी क्षणात भडकते. वीज गेली तर काय, याची तरतूद आधीच असावी. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडील गावे किती दिवस अंधारात होती, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. भरलेला सिलिंडर आणि तो भरून देणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक पावसाळ्यापूर्वी तयार ठेवावा.

फुप्फुसातील दाब कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत. कोणाच्या सांगण्यावरून त्या घेऊ नयेत. वर सांगितलेला शहाणपणाचा नियम आठवावा. सीओपीडीच्या रुग्णात गोळीने सरसकट सगळ्या धमन्या सैल केल्या, तर हवा नसलेल्या भागांकडेही रक्त धावते आणि रक्तातला प्राणवायू आणखी घसरू शकतो. या गोळ्या कोणाला उपयोगी आणि कोणाला अपायकारक, हे तपासणीनंतरच ठरते.

यात्रा, तप आणि वैयावच्च

सम्मेद शिखरजीची उंची सुमारे १,३६५ मीटर. तेथे हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. निरोगी यात्रेकरूला ते जाणवणारही नाही. ज्याचा प्राणवायू रत्नागिरीतच काठावर आहे त्याला मात्र जाणवेल, आणि वर २७ किलोमीटरची वाट आहे. डोली केल्याने पायांचे श्रम वाचतात, हवा बदलत नाही. अष्टापदाच्या भावनेने कैलास परिक्रमेला जाणाऱ्यांनी तर अधिक जपावे. डोल्मा खिंड सुमारे ५,६०० मीटरवर आहे आणि तेथे प्राणवायू निम्माच मिळतो. विमानातही आतील हवा सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्यासारखी असते. म्हणून दमाच्या रुग्णाने तिकिटाआधी तपासणी करावी. भावयात्रेचे महत्त्व आपल्या परंपरेने मानलेच आहे.

तपाविषयी विचारणा नेहमी होते. अशन, पान, खादिम, स्वादिम या चतुर्विध आहारात प्राणवायू मोडत नाही. तरीही शंका असल्यास पच्चक्खाण घेण्यापूर्वी गुरुभगवंतांना विचारावे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपवासाचा संकल्प करण्याआधी डॉक्टरांशीही बोलावे, कारण पाणी आणि क्षार यांचा तोल अशा रुग्णात नाजूक असतो. मुहपत्तीमुळे प्राणवायू कमी होतो काय, असेही काही जण विचारतात. कापडाच्या विणीतील छिद्रांपुढे प्राणवायूचे कण अत्यंत सूक्ष्म असतात. साध्या वस्त्राने रक्तातील प्राणवायू घटत नाही.

विहारात असलेले वृद्ध साधू-साध्वीजी आपला त्रास सहसा बोलून दाखवत नाहीत. परीषह म्हणून दम सोसतात. श्रीसंघाने उपाश्रयात एक ऑक्सिमीटर ठेवावा, वयोवृद्धांची चालल्यानंतरची मोजणी विनयाने करावी, आकडा घसरत असेल तर स्थिरवासाची विनंती वेळीच करावी. वैयावच्च हे आभ्यंतर तपांत गणले आहे. घरच्या ज्येष्ठांची सेवाही त्याच भावनेची. त्यांचा हात धरून पायरी चढवणे चांगलेच. त्याबरोबर तिसऱ्या पायरीवर त्या का थांबल्या, हे एकदा नीट तपासून घेणे ही त्याहून मोठी सेवा ठरेल. धमनीची भिंत जाड होण्यास वर्षे लागतात, आणि त्यातील सुरुवातीची वर्षे अजून आपल्या हाती असतात.